मेरू सत्तर आणि मेरू नव्वद

नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात येणार असलं की आठवडाभर आधी त्याचा एक नग साताऱ्याला निरंजन खटावकरच्या घरी पोचायचा. पुण्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेसाठी तो नव्या कार्डाची जुन्याशी तुलना करायचा. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, आणि खाली ओळीने आकडे. हवामान खात्यापासून सिनेमा बनवणाऱ्यांपर्यंत पुष्कळ लोक त्याचे तक्ते वाचून कार्डं निवडत. सोळा वर्षं तो हे काम करत होता आणि त्याचा तक्ता खोटा ठरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

२०४१ च्या जानेवारीत त्याच्या टेबलावर अशीच दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली होती. मेरू सत्तर चार वर्षं जुनं, मेरू नव्वद कोरं करकरीत. या वेळची तुलना मात्र प्रयोगशाळेसाठी नव्हती. ती त्याच्या बहिणीसाठी होती.

विदुला त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. निरंजन दुसरीत असताना आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. अठरा वर्षांच्या विदुलाने कॉलेज सोडलं आणि पुढे सातारच्या एसटी स्टँडवर उद्घोषिकेची नोकरी धरली. बावीस वर्षं तिच्या आवाजाने गाड्या लागल्या आणि सुटल्या. भावाचं शिक्षण झालं, त्याला नोकरी लागली. तिचं स्वतःचं लग्न मात्र ‘बघू’ म्हणता म्हणता राहून गेलं. पन्नाशी गाठायच्या आतच माइकचं बटण दाबताना तिचं बोट अडखळू लागलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. शेवटी पापण्यांवरचा ताबाही गेला. बुद्धी शाबूत होती, पण बाहेर यायला तिला वाट उरली नव्हती.

ती वाट एका जाळीने काढली होती. मेंदूचा जो भाग जिभेला आणि ओठांना हुकूम देतो त्याच्यावर डॉक्टरांनी टिकलीएवढी जाळी बसवली होती. विदुला मनाशी शब्द उच्चारू लागली की तिथे विजेचे बारीक तरंग उठत. जाळी ते टिपायची, एक तार ते पलंगाशेजारच्या खोक्यात न्यायची, आणि खोक्यातलं मेरू सत्तर त्या तरंगांतून अक्षरं ओळखायचं. स्टँडवरच्या जुन्या ध्वनिफिती होत्याच. त्यांवरून तिचा आवाज घडवला होता. खोक्यातून विदुलाच बोलायची, पण मिनिटाला आठ-दहा शब्द. मध्ये लांबच लांब थांबे.

त्या थांब्यांचा निरंजनला जाच व्हायचा. ‘निरू… आज… पो…’ एवढं आलं की तो म्हणायचा, “पोळी नको? पोट दुखतंय? पोस्टातलं काही?” कधी त्याचा अंदाज बरोबर निघे. चुकला तर विदुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि कित्येकदा ती करतच नसे. फलटणहून आत्या दर रविवारी फोन करायची. दोन मिनिटं शांतता ऐकली की म्हणायची, “राहू दे, दमली असेल पोर.”

त्यात आजार पुढे सरकत होता. तरंग वर्षागणिक पुसट होत होते. डिसेंबरात तर दिवसाला वीस शब्दही येईनात.

“ताई, हे बघ,” निरंजन तक्ता तिच्या डोळ्यांसमोर धरून सांगू लागला. “जुन्या कार्डात आठ हजार एकशे ब्याण्णव गणक आहेत. म्हणजे समज, तेवढे कारकून. सेकंदाला एकशे ऐंशी कोटी ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला प्रत्येक कारकून एक गुणाकार नि एक बेरीज करतो. सगळं गुणलं की होतात सेकंदाला साडेएकोणतीस लाख कोटी आकडेमोडी. नव्या कार्डात कारकून तिप्पट, ठोकेही जलद. एकशे पस्तीस लाख कोटी. साडेचार पटीहून जास्त.”

खोकं बराच वेळ गप्प राहिलं. मग आवाज आला, “खरं… च?”

निरंजन हसला. बहिणीने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. “खरं म्हणजे कागदावर. हा आकडा धरताना एकही कारकून एक ठोकाही रिकामा बसत नाही, असं मानतात. प्रत्यक्षात आकडे स्मृतीतून कारकुनांपर्यंत पोचायला वेळ लागतो. कारकून तिप्पट झाले, पण आकडे आत यायचं दार थोडंसंच रुंदावलंय. म्हणून प्रत्यक्षात अडीच पट धर.”

पुन्हा थांबा. या वेळी निरंजनने मुद्दाम ओठ मिटून धरले.

“वेळा… पत्रक,” विदुला म्हणाली. “सगळ्या… गाड्या… वेळेवर.”

“अगदी तस्सं!”

“घाई… काय… आहे… निरू?”

घाई त्यालाच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच दुपारी त्याने खोक्याचं झाकण उघडून मेरू सत्तर काढलं आणि मेरू नव्वद बसवलं.

नुसतं कार्ड बदलून भागणार नव्हतं. वाढलेल्या ताकदीला काम हवं, आणि ते काम देणारी नवी प्रणाली तयारच होती. मेरू सत्तर फक्त अक्षरं ओळखत असे. मेरू नव्वदवर त्याच्या जोडीला भाषेचं एक प्रचंड प्रारूप चालू शकत होतं. विदुलाची चार वर्षांची सगळी वाक्यं, तिची जुनी पत्रं, तिचे निरोप त्याला वाचायला दिले होते. अर्धवट शब्द आला की समोरच्याचं बोलणं ऐकून विदुला पुढे काय म्हणेल याचे हजारो पर्याय ते पापणी लवायच्या आत तोलायचं आणि सर्वांत संभवनीय वाक्य तिच्या आवाजात बोलून टाकायचं. पुसट झालेल्या तरंगांना आधार, असं प्रणालीच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं.

खोकं सुरू झालं. पाचव्या मिनिटाला विदुलाचा आवाज आला, सलग आणि स्वच्छ.

“निरू, चहात आज आलं जरा जास्तच पडलंय वाटतं. वास इथवर आलाय.”

विदुलाची देखभाल करणारी फरीदा स्वयंपाकघरातून धावत आली. “या अल्ला! ताई बोलल्या?” तिच्या हातातून चमचा पडला. निरंजन पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढचे तीन महिने त्या घरात सुखाचे गेले. विदुला गप्पा मारायची, फरीदाला आमटीतलं मीठ सांगायची. रविवारी आत्याचा फोन तासभर चाले. निरंजनने तिला कधी न विचारलेलं विचारलं. “ताई, माझ्यापायी तुझं लग्न राहिलं, राग येतो का?” विदुला म्हणाली, “वेडा आहेस का? तुला वाढवण्यात माझं सगळं आलं.” ते ऐकून त्याच्या छातीवरचं तीस वर्षांचं ओझं उतरलं. नवं कार्ड त्याने कसून तपासलं होतं. तापतं किती, वीज किती खातं, उत्तराला उशीर किती, सगळ्याची नोंद होती. सगळे आकडे उत्तम होते.

एप्रिलमध्ये विदुलाचा श्वास अपुरा पडू लागला. डॉ. किणीकर घरी आले. ते साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. पलंगाशेजारी खुर्ची ओढून ते विदुलाशीच बोलले.

“विदुलाताई, आता दोन मार्ग आहेत. गळ्याला छेद घेऊन यंत्राने श्वास द्यायचा. मग तुम्ही कितीही वर्षं राहाल, पण यंत्रावर आणि अशाच. किंवा काही करायचं नाही. त्रास होणार नाही एवढं मी बघेन. निर्णय तुमचा आहे. गळ्याला छेद घेऊ?”

क्षणभरच थांबून खोकं बोललं. “नको रे काळजी करूस, निरू. होऊन जाऊ दे ऑपरेशन. मला तुझ्याजवळ राहायचंय.”

डॉक्टरांनी निरंजनकडे पाहिलं. निरंजनने डोळे पुसले आणि कागदावर सही केली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला फरीदा विदुलाला अंग पुसून स्वच्छ करत होती. मान वळवताना ती जाळीची तार नेहमी काढून बाजूला ठेवायची. तेवढ्यात आत्याचा फोन आला. निरंजनने तो सवयीने खोक्याला जोडला आणि तो खिडकीशी उभा राहिला.

“विदू, गुडघा फार दुखतोय गं माझा,” आत्या म्हणाली.

“आत्या, किती वेळा सांगितलं, जिने चढू नकोस,” खोकं म्हणालं. “तिळाचं तेल कोमट करून लाव.”

“दादा,” फरीदाचा आवाज एकदम बारीक झाला. “दादा, इकडं बघा.”

तार उशीवर पडली होती. तिचं टोक कशालाही जोडलेलं नव्हतं. विदुला गाढ झोपली होती आणि श्वासयंत्राच्या तालावर तिची छाती वरखाली होत होती.

“निरूला म्हणावं, एकदा फलटणला जाऊन ये,” खोकं बोलतच होतं.

निरंजनने फोन बंद केला. खोकंही बंद केलं.

“लई दिवस सांगीन म्हणत होते,” फरीदा म्हणाली. टॉवेल तिच्या हातात तसाच होता. “ताईंचे डोळे नि ताईंचा आवाज एका वेळेला चालत न्हाईत. त्या झोपल्यात, तरी आवाज हसतोय. पर तुम्ही एवढे खूश होता. मी कोण सांगणारी?”

घडलं होतं ते समजायला निरंजनला दहा मिनिटंही लागली नाहीत. मोकळ्या तारेलाही घरातल्या विजेची बारीक गुणगुण ऐकू येते. प्रणालीने ती गुणगुण म्हणजे विदुलाचे पुसट तरंग असं मानलं होतं आणि आत्याचा प्रश्न ऐकून त्यांच्यावर वाक्यं उभारली होती. दोष कार्डाचा नव्हता. कार्ड बिचारं गुणाकार करतं. पण अडीचपट ताकद हाताशी होती, आणि त्या ताकदीने विदुलाचे सगळे थांबे भरून काढले होते. प्रश्न एवढाच होता की कधीपासून आणि किती.

नियमाप्रमाणे विदुलाच्या मेंदूतले मूळ तरंग रोज साठवले जात. दहा महिन्यांचा सगळा साठा शाबूत होता. निरंजनने कपाटातून मेरू सत्तर बाहेर काढलं, त्यावर जुनी, फक्त अक्षरं ओळखणारी प्रणाली चढवली आणि तेच तरंग त्याला पहिल्यापासून ऐकवले. मग त्याने कागदावर दोन रकाने आखले. सोळा वर्षांत असा तक्ता त्याने शेकडो वेळा केला होता. घरच्या माणसासाठी तो करायला त्याला दहा महिने उशीर झाला होता.

चार दिवस काम चाललं. जानेवारीच्या त्या पहिल्या दिवशी, उजव्या रकान्यात आल्याच्या चहाचं वाक्य होतं. डाव्या रकान्यात होतं: ‘निरू… च…’ बस्स. लग्नाबद्दलच्या प्रश्नापुढे उजवीकडे ‘वेडा आहेस का’पासून पूर्ण उत्तर होतं. डावी जागा कोरी होती. ती काहीच बोलली नव्हती.

एप्रिलच्या त्या दिवसाचे तरंग त्याने शेवटी घेतले. ते तितके पुसट नव्हते. विदुलाने त्या क्षणी सगळा जीव गोळा केला असला पाहिजे. मेरू सत्तरने सहा सेकंद घेतले आणि एक शब्द उच्चारला.

“नको.”

त्याने पुन्हा ऐकवलं. अकरा वेळा ऐकवलं. अकराही वेळा तोच शब्द आला. त्यानंतर काहीही नव्हतं. ‘रे काळजी करूस’ विदुलाचं नव्हतं. ‘होऊन जाऊ दे’ तिचं नव्हतं. तिच्या चार वर्षांच्या वाक्यांत ती ‘नको’नंतर बहुतेक वेळा ‘काळजी करूस’ असंच म्हणत आली होती. प्रारूपाने सर्वांत संभवनीय वाक्य निवडलं होतं.

मे महिन्यात, यंत्रावर श्वास सुरू झाल्यावर, तो शब्द एकोणीस वेळा आला होता. जूनमध्ये चार वेळा. जूनच्या चौदा तारखेनंतर डावा रकाना शेवटपर्यंत रिकामा होता.

निरंजनने मेरू सत्तर खोक्यात परत बसवलं. प्रयोगशाळेला कळवून रजा घेतली आणि तो पलंगाशेजारी बसून राहिला. रोज सकाळी विदुला जागी झाली की तो म्हणायचा, “ताई, मी चुकलो. आता ऐकतोय. तुला पाहिजे तेवढा वेळ घे.” मग तो मुकाट्याने बसे. एक तास, दोन तास. फरीदा चहा ठेवून जायची, तो निवून जायचा. नऊ दिवस खोक्यातून एक अक्षर आलं नाही. इतका वेळ तो बहिणीजवळ गप्प कधीच बसला नव्हता.

दहाव्या दिवशी डॉ. किणीकरांनी जाळीची तपासणी केली. “जाळी ठीक आहे,” ते म्हणाले. “पण उच्चार करायचा म्हटल्यावर जे तरंग उठायचे, ते आता उठत नाहीत. आजार तिथवर पोचला. आत त्या आहेत की नाहीत, हे मी सांगू शकत नाही.”

निरंजनने तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला. एप्रिलच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“मीही तिथेच बसलो होतो,” ते म्हणाले. “मलाही ते वाक्य किती बरं वाटलं होतं.”

श्वासयंत्र काढायचं तर डॉक्टरांच्या दोन समित्यांची संमती लागणार होती. विदुलाने पूर्वी काही लिहून ठेवलं नव्हतं. तो विषय निघाला की तीही ‘बघू’ म्हणायची. पुरावा एकच, आणि तोही उलटसुलट. एक कार्ड हो म्हणत होतं, दुसरं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसऱ्या समितीने निरंजनला बोलावलं. पाच जण होते. मध्यभागी बसलेल्या डॉ. गुंजीकरबाईंनी तक्ता हातात घेतला.

“खटावकर, तुम्ही यातले जाणकार म्हणून विचारते. तुमच्याच आकड्यांप्रमाणे दुसरं कार्ड साडेचारपट समर्थ आहे. मग कमी ताकदीच्या यंत्राचं आम्ही का ऐकावं?”

कारकून, ठोके, स्मृतीचं दार, सगळं निरंजनच्या जिभेवर होतं. त्यातलं काही त्याने सांगितलं नाही.

“बाई, जुन्याला कळलं नाही तर ते गप्प बसतं,” तो म्हणाला. “नव्याला गप्प बसता येत नाही. आणि मलाही येत नव्हतं. ती अडखळली की मी तिची वाक्यं पुरी करायचो. तिला ते आवडायचं नाही. मग मी माझ्याहून जलद वाक्यं पुरी करणारं यंत्र आणून तिच्या उशाशी ठेवलं.”

“शब्द ओळखण्यात जुन्या कार्डाचीही चूक होऊ शकते.”

“होऊ शकते. शंभरात सहा वेळा होते. पण एप्रिलपासून चोवीस वेळा एकच शब्द चुकेल?”

“आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं? भाऊ म्हणून?”

“मला ती हवी आहे,” निरंजन म्हणाला. “मला विचाराल तर मी आज जाऊन नवं कार्ड बसवीन. म्हणूनच मला विचारू नका.”

संमती यायला अठरा दिवस लागले.

डिसेंबरच्या मध्याला, सकाळी दहा वाजता, डॉ. किणीकर एका परिचारिकेला घेऊन आले. फरीदाने विदुलाचे केस विंचरून सैलशी वेणी घातली होती. अंगावर धुवट निळी साडी पांघरली होती. त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं. निरंजनने मेरू सत्तर सुरूच ठेवलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण बंद करायला त्याचा हात धजावला नाही.

यंत्र थांबलं. खोली एवढी शांत झाली की खोक्याच्या पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. निरंजनने बहिणीचा हात दोन्ही हातांत धरला होता. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण त्याने काही म्हटलं नाही. चौदा मिनिटांनी डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. फरीदाने तोंडाला पदर लावला.

खोकं शेवटपर्यंत गप्पच राहिलं.

दुपारी त्याने आत्याला फोन लावला. ऑक्टोबरपासून तो तिला टाळत आला होता. ‘यंत्र बिघडलंय’ असं सांगून रविवारामागून रविवार ढकलले होते. आत्या रडली, मग नाक ओढत म्हणाली, “माझ्याशी किती बोलायची रे शेवटी शेवटी. गुडघ्याची चौकशी करायची. सुटली बिचारी. निरू, शेवटचं काय म्हणाली रे ती?”

एखादं गोड वाक्य सांगणं अगदी सोपं होतं. विदुला काय म्हणाली असती, हे त्याला सुचतही होतं.

“शेवटचं ती जूनमध्ये बोलली, आत्या,” निरंजन म्हणाला. “‘नको’ म्हणाली. एप्रिलपासून तेच म्हणत होती.”

“म्हणजे? आणि माझ्याशी बोलायची ते?”

“ते ती नव्हती.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. पूर्वीचा निरंजन असता तर तिची समजूत काढायला घाईने दहा वाक्यं बोलला असता. आता तो फोन कानाशी धरून बसून राहिला. फलटणच्या त्या घरात म्हातारीला जे कळायचं होतं ते सावकाश कळत होतं. तेवढा वेळ त्याने तिला दिला.